लुत्फुल्लाचा निळा उजेड

हमदम कादिरोवच्या फ्लास्कमध्ये पुन्हा तेल आले होते आणि शेजारच्या ओट्यावर लुत्फुल्लाच्या फ्लास्कमध्ये पुन्हा स्फटिक.

"बघ रे, बसले खाली," लुत्फुल्ला फ्लास्क खिडकीच्या उजेडात धरून म्हणाला. "बर्फात ठेवला, चहा प्यायला गेलो, येऊन बघतो तर हे."

"काही केलं असशील ना? कांडीने घासलंस वगैरे?"

"काही नाही. चहा प्यालो, म्हटलं ना."

हमदमने पांढऱ्या बारीक सुयांचा तो गुच्छ बघितला आणि "छान आहेत" असे म्हणाला. स्वतः त्याने सकाळपासून काचेच्या कांडीने फ्लास्कचा तळ घासून घासून दंड भरून आणले होते. फ्लास्क बर्फात ठेवून झाला, मीठ घातलेल्या बर्फात ठेवून झाला, आसपास कोणी नाही असे बघून फ्लास्कशी चार गोड शब्द बोलूनही झाले. तेल ते तेलच राहिले, चिकट आणि निर्लज्ज.

दोघे समरकंदच्या एकाच शाळेत एका बाकावर बसलेले. पुढे एकाच संस्थेत लागले आणि प्रयोगशाळेतही नशिबाने ओटा शेजारशेजारचाच मिळाला. हमदम या नावाचा अर्थ जिवाभावाचा सोबती. नाव ठेवणाऱ्या आजोबांना पुढची कल्पना नसावी. हमदम काटकुळा आणि टापटिपीचा, बाटलीला चिठ्ठी लावल्याशिवाय तिच्यात पाणीसुद्धा न भरणारा. लुत्फुल्ला गोलमटोल, विसराळू, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधत हिंडणारा. आणि तरी कडाक्याच्या थंडीने सगळ्या गल्लीतल्या जर्दाळूंचा मोहोर गळायचा तेव्हा एकट्या लुत्फुल्लाचे झाड लगडायचे. लुत्फुल्ला बाजारात डोळे मिटून खरबूज उचलायचा आणि ते साखर निघायचे. हमदम प्रत्येक खरबुजाला कान लावून, टिचकी मारून, हुंगून घ्यायचा आणि घरी येऊन काकडी खायचा. लुत्फुल्लाचा त्याला हेवा वाटत होता, साधासुधा नव्हे, चांगला मुरलेला.

आता तर हेव्याला कारणही भरभक्कम मिळाले होते. नेमत-दोमला, म्हणजे दोघांचे गुरू आणि प्रयोगशाळेचे प्रमुख, वसंतात निवृत्त होणार होते. त्यांनी दोघांना बोलावून कूमरिनच्या सल्फोनेट एस्टरांची एकेक मालिका वाटून दिली होती. "ज्याची मालिका पुरी, शुद्ध आणि नीट पारखलेली, तो माझ्या खुर्चीत," दोमला म्हणाले होते. "ताश्कंदहून समिती येईल, ती ठरवेल. मला दोघंही सारखे." दोमलांना दोघे सारखे होते हेही हमदमला झोंबलेच.

काम तसे सरळ होते. ज्या कूमरिनपासून सुरुवात करायची ते यूव्हीच्या, म्हणजे अतिनील किरणांच्या, दिव्याखाली सुरेख निळे चमकते. त्याच्या एका टोकावर सल्फोनेटची टोपी चढवायची. टोपी नीट बसली की तो निळा उजेड विझतो. विझला म्हणजे एस्टर झाले. मग ते गरम अल्कोहोलमध्ये विरघळवून गार करायचे, स्फटिक गाळून घ्यायचे, द्रवणांक मोजायचा, थोडी पूड ताश्कंदला एनएमआर यंत्रावर शुद्धता तपासायला पाठवायची. हमदमच्या टोप्या अगदी बरोबर बसत होत्या. उजेडही विझत होता. फक्त शेवटी जे खाली बसायला हवे ते बसत नव्हते.

"तुमच्या हातात काही दोष नाही, हमदम-अका," त्याची बायको सलोमत जेवताना म्हणाली. "दृष्ट लागलीय."

"मी रसायनशास्त्रज्ञ आहे, सलोमत."

"म्हणून ती लागायची थांबते का? तुमच्या शेजारी दिवसभर बसतो कोण?"

"लुत्फुल्ला."

"मग झालं तर."

"त्याला कशाला मला दृष्ट लावायचीय? त्याचं सगळं होतंय."

"होतंय ना? तुमच्यातलं ओढून घेतल्याशिवाय कसं होतंय?" सलोमत उठली आणि दारावर टांगलेल्या इसिरिकच्या जुड्यांतली एक काढून घेऊन आली. वाळलेल्या काड्या, त्यांना हरभऱ्याएवढी गोल बोंडे, आत काळपट बी. गावात दृष्ट काढायला हेच जाळतात. "घेऊन जा. जाळू नका, तुमच्याकडे सगळं पेट घेणारं असतं. नुसती टांगून ठेवा."

हमदमने अर्धा तास विज्ञानावर व्याख्यान दिले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी प्रयोगशाळेत जाऊन त्याने जुडी टांगली. दोन ओट्यांच्या मधोमध भिंतीवर एक खिळा होता, तिथे. बोंडे मुद्दाम लुत्फुल्लाच्या बाजूला वळवली.

"हे काय रे?" लुत्फुल्लाने आल्या आल्या विचारले.

"कसर लागते कोटांना. त्यासाठी."

"वा, बरं केलंस. माझ्या कोटालाही लागलीय," लुत्फुल्ला म्हणाला आणि कपाळावरचा चष्मा शोधू लागला.

चार दिवसांनी इमारत तापवायची वाफ सुरू झाली, खोली भट्टीसारखी गरम झाली, आणि त्याच आठवड्यात जुडीने गुण दाखवला. निदान हमदमला तसे वाटले. लुत्फुल्लाने नवा एस्टर गाळला, दिव्याखाली धरला, आणि दिव्याखाली तो निळा चमकला.

"अरे, हे विझलंच नाही," लुत्फुल्ला गोंधळून म्हणाला.

"टोपी बसली नाही," हमदम म्हणाला. आवाजात सहानुभूती आणायचा त्याने मनापासून प्रयत्न केला. "कच्चा माल राहिलाय. होतं असं कधीकधी. वाईट वाटून घेऊ नकोस."

त्या दिवशी हमदम घरी शीळ घालत गेला. सलोमतने काही विचारले नाही. तिने फक्त दारावरच्या उरलेल्या जुड्यांकडे समाधानाने बघितले.

पण लुत्फुल्लाचा पुढचा एस्टरही चमकला. त्याच्या पुढचाही. दोमलांनी नमुने ताश्कंदला पाठवले आणि उत्तर आले की नमुन्यांत कच्चा माल नाही. एस्टर आहे आणि तो स्वच्छ आहे. दोमलांनी ते उत्तर मोठ्याने वाचले, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचले.

"मुलांनो, हा एस्टर टोपी घालूनही उजेड देतोय," ते म्हणाले. "असं मी ह्या जन्मात बघितलेलं नाही. लुत्फुल्ला, तू केलंस काय?"

"दोमला, खरं सांगू? नेहमीसारखंच केलं."

"ऐकलंस, हमदम? याला म्हणतात हात."

हमदमने मान डोलावली. दातांवर दात चांगले रगडले जात होते.

त्यानंतर काही दिवस समरकंदमध्ये दुसरा विषयच उरला नाही, असे हमदमला वाटू लागले. दोमलांनी सगळ्या ओळखीच्यांना फोन केले. संस्थेच्या दर्शनी फलकावर लुत्फुल्लाचा फोटो लागला. त्यातही चष्मा कपाळावरच होता. रेशमाच्या कारखान्यातला एक अधिकारी येऊन विचारून गेला की हे धाग्यात मिसळता येईल का, म्हणजे खरे रेशीम आणि नकली रेशीम दिव्याखाली ओळखता येईल. खालच्या मजल्यावरच्या वनस्पतिविभागातल्या बायका उजेड बघायला रांगेने आल्या आणि लुत्फुल्लाच्या टेबलावर सुका मेवा ठेवून गेल्या. त्यातली मूठभर लुत्फुल्लाने हमदमला दिली. हमदमने खाल्ली, आणि तीही गोड होती याचा त्याला राग आला.

कळस झाला घरी. "लुत्फुल्ला-अकांनी म्हणे न जळणारा दिवा शोधलाय," सलोमत पीठ मळताना म्हणाली. "आई विचारत होती, तुम्ही काय शोधलंत?"

"मी तेल शोधलंय, सांग तिला," हमदम म्हणाला आणि न जेवता झोपायला गेला.

पण हेव्याने माणूस कामाला लागतो. हमदमच्या डोक्यात एकच गोष्ट फिरू लागली: लुत्फुल्ला काहीतरी लपवतोय. "नेहमीसारखंच केलं" म्हणजे काय? नेहमीसारखे करून हमदमला नेहमीसारखे तेल मिळत होते. त्याने ठरवले, गोड बोलून काढून घ्यायचे.

"लुत्फुल्ला, तुझी कृती एकदा सांग ना. पहिल्यापासून."

"सांगतो की." आणि लुत्फुल्लाने सगळी सांगितली, एकही गोष्ट न लपवता, मध्येच तीन वेळा विषयांतर करून. वर म्हणाला, "हवा तर माझा कच्चा एस्टर घे थोडा. तूच स्फटिक करून बघ. तुझे हात माझ्यापेक्षा स्वच्छ."

इतक्या मोकळेपणी सांगतोय त्या अर्थी नक्कीच लपवतोय, असे हमदमने मनाशी पक्के केले.

त्याने पूड घेतली, आपल्या कपाटातले अल्कोहोल काढले, गरम करून पूड विरघळवली, गार केली. स्फटिक आले. हमदमचे डोळे भरून आले. तेल सोडून दुसरे काही त्याच्या फ्लास्कमध्ये कित्येक दिवसांनी बसले होते. दिव्याखाली धरले तर काळेभोर. उजेड नावालाही नाही. त्याने पुन्हा केले. फ्लास्क बदलून केले, बर्फ बदलून केले, लुत्फुल्ला उभा राहतो त्या जागी उभे राहून केले, कपाळावर चष्मा ठेवूनही केले. प्रत्येक वेळी काळे. आयुष्यात एवढा काटेकोर प्रयोग त्याने कधी केला नव्हता. दोमलांनी बघितले असते तर ऊर भरून आला असता.

मग त्याच्या कपाटातले अल्कोहोल संपले. हे अल्कोहोल तो वेगळे, कुलपात ठेवायचा, कारण लुत्फुल्ला अर्धे सांडतो. खोलीतले सामाईक अल्कोहोल मधल्या फळीवर एका मोठ्या तपकिरी बाटलीत असायचे. तिचे बूच कधीच फुटले होते. तोंडात कायमचे एक रुंद नरसाळे खोचलेले असे. नाइलाजाने हमदमने त्यातून घेतले. स्फटिक आले. दिव्याखाली धरले.

निळे. चांदण्यासारखे निळे.

हमदम स्टुलावर बसला. मग उठला, मान वर करून बघितले. नरसाळ्याच्या बरोब्बर वर, भिंतीवर, इसिरिकची जुडी लोंबत होती. वाफेच्या उष्णतेने बोंडे तडकून उघडी पडली होती आणि बरीचशी रिकामी होती. त्याने बाटली तिरपी केली. तळाशी काळ्या बियांचा चांगला जाड थर हलला.

रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला पुढचे सांगावे लागत नाही. इसिरिकच्या बियांत जे असते ते यूव्हीखाली निळे चमकते, आणि अल्कोहोलमध्ये ते छान उतरते. चिमटीभर उतरले तरी दिव्याला पुरते. ताश्कंदच्या यंत्राला ते दिसलेही नसेल. दोमलांना ऊर फुटेस्तोवर आनंद देणारा, फलकावर फोटो लावणारा, रेशमाच्या कारखान्यापर्यंत पोहोचलेला तो उजेड लुत्फुल्लाचा नव्हताच. तो सलोमतच्या दारावरचा होता.

हमदमला पहिल्यांदा हसू आले. मग धावत जाऊन दोमलांना सांगावेसे वाटले. दारापर्यंत तो गेलाही. आणि तिथे त्याच्या मनात दोमलांचा आवाज आला: ही जुडी टांगली कुणी? का टांगली? बोंडे तिकडे का वळलेली आहेत? विज्ञानाचा पदवीधर, दोन पोरांचा बाप, वर्गमित्राची दृष्ट लागू नये म्हणून प्रयोगशाळेत इसिरिक टांगतो, हे समरकंदमध्ये त्याच्या नातवंडांपर्यंत टिकले असते. हमदम दारातून परत फिरला.

तेवढ्यात लुत्फुल्ला आत आला. "अरे, ऐकलंस का? परवा समिती येतेय. समितीच्या प्रमुख क्लारा-ओपा स्वतः येणार. त्यांनी कळवलंय, जुने नमुने नकोत, माझ्यासमोर ताजे करून दाखवा."

"तुझ्या हाताने? त्यांच्यासमोर?"

"हो ना. मला तर आत्ताच घाम फुटलाय."

हमदमला मात्र गारेगार वाटले. आता सांगायची गरजच नव्हती. समितीच्या आदल्या दिवशी लुत्फुल्ला बाहेर गेल्यावर त्याने तपकिरी बाटली मोरीत ओतली, तीनदा विसळली, भांडारातून आणलेले ताजे अल्कोहोल भरले, जुडी काढून बाहेरच्या कचऱ्यात टाकली, नरसाळेसुद्धा धुऊन ठेवले. उद्या क्लारा-ओपांसमोर लुत्फुल्ला नेहमीसारखेच करणार आणि सगळ्या जगासमोर त्याचा उजेड विझणार. हमदमला फक्त दुःखी चेहरा करून बाजूला उभे राहायचे होते. तो चेहरा त्याने घरी आरशात करूनही बघितला.

क्लारा-ओपा ठेंगण्या, म्हाताऱ्या, काळ्या कोटातल्या बाई होत्या. आल्या त्या स्वागताच्या फुलांकडे न बघता सरळ ओट्याकडे गेल्या. सोबतच्या दोघांनी खुर्च्या शोधल्या. क्लारा-ओपांनी उभे राहणेच पसंत केले.

"कर सुरू, बाळा," त्या लुत्फुल्लाला म्हणाल्या.

लुत्फुल्लाने फळीवरची बाटली घेतली. त्यातले अर्धे अल्कोहोल नेहमीप्रमाणे सांडले. पूड विरघळली, फ्लास्क बर्फात गेला, स्फटिक आले. लुत्फुल्लाचेच ते, न येऊन जातात कुठे. गाळले, वाळवले. दोमलांनी पडदे ओढले. हमदमने आरशातला चेहरा धारण केला.

दिवा लागला. स्फटिक काळेभोर होते.

लुत्फुल्लाने दिवा हलवला, स्फटिक हलवले, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला; बहुधा पहिल्यांदाच. काळेच. दोमला भिंतीला टेकले. हमदमच्या छातीत गुदगुल्या झाल्या आणि त्याने खोकल्यासारखे केले.

"पडदे उघडा," क्लारा-ओपा म्हणाल्या आणि मग खुर्चीत बसल्या. "हं. आता बरं वाटलं."

"ओपा, मला माफ करा," लुत्फुल्ला पुटपुटला. "आधी चमकत होते. देवाशपथ चमकत होते."

"ते दिसतंय की. तुझा जुना नमुना माझ्या पिशवीत आहे, तो चमकतो. म्हणजे तो घाणेरडा आहे. अरे, असल्या एस्टरने चमकायचं नसतं. तुम्ही पाठवलेला अहवाल वाचला तेव्हाच मी म्हटलं, हा माणूस एकतर जगातला मोठा शास्त्रज्ञ होणार, नाहीतर ह्याला भांडी धुता येत नाहीत." त्या दोमलांकडे वळल्या. "नेमत, खरं सांगते, मी इथे ह्याचा निकाल लावायच्या तयारीने आले होते. आज माझ्यासमोर हे निळं चमकलं असतं ना, तर मी ह्याचं नाव यादीतून खोडून, दुसऱ्याला खुर्ची देऊन चारच्या गाडीने परत गेले असते. चमकलं नाही. एस्टर शुद्ध आहे, हात चांगला आहे, मालिका पुरी आहे. मला आणखी काय हवं?"

हमदमला हे वाक्य एकदम कळले नाही. मग कळले. दुसऱ्याला खुर्ची. दुसरा म्हणजे तो. त्याने काहीही केले नसते, बाटलीला हात लावला नसता, हाताची घडी घालून नुसता उभा राहिला असता, तर आज ह्या घटकेला तो प्रयोगशाळेचा प्रमुख होता.

"पण मग आधी चमकत कसं होतं?" दोमलांनी विचारले. "आणि आज का नाही?"

"बाटली," लुत्फुल्ला अचानक म्हणाला. "अल्कोहोल बदललंय. आधीचं जरा पिवळट असायचं, हे पाण्यासारखं आहे. मी नाही बदललं."

खोलीची चावी असलेली माणसे तीनच. दोमलांनी नकारार्थी मान हलवली. सगळ्यांनी हमदमकडे बघितले.

"मी बदललं," हमदम म्हणाला. खोटे बोलायला वेळच मिळाला नाही.

"का?" क्लारा-ओपांनी विचारले.

"तळाशी... घाण होती."

"कधी लक्षात आलं?"

"परवा. मी तपासून बघितलं. माझ्या अल्कोहोलने काळे यायचे, त्या बाटलीने निळे. पुन्हा पुन्हा करून बघितलं."

"म्हणजे उजेड खोटा आहे हे तुला परवाच ठाऊक होतं," क्लारा-ओपा सावकाश म्हणाल्या. "खुर्चीसाठी ह्याच्याशी तुझीच चढाओढ. मला एक फोन केला असतास तर काम झालं असतं. आणि तू काय केलंस? गुपचूप बाटली धुतलीस, स्वच्छ भरून ठेवलीस, आणि गप्प बसलास."

दोमलांच्या डोळ्यांतून पाणी आले. "माझे विद्यार्थी," ते म्हणाले, आणि पुढे त्यांना बोलवेना. लुत्फुल्लाने तर पुढे होऊन हमदमला असे कवटाळले की काटकुळ्या हमदमचे पाय जमिनीवरून सुटले.

"प्रमुख लुत्फुल्लाच होईल, त्याची मालिका पुरी आहे," क्लारा-ओपा उठता उठता म्हणाल्या. "पण नेमत, सगळ्या बाटल्या, सगळं भांडार आजपासून ह्याच्या ताब्यात दे. ह्या खोलीत डोळे असलेला हा एकच माणूस दिसतोय."

संध्याकाळी लुत्फुल्लाने चायखान्यात सगळ्या संस्थेला पुलाव दिला. हमदमला डोकेदुखी होती, पोटदुखी होती, घरी पाहुणे यायचे होते. कशाचाही उपयोग झाला नाही. त्याला दारापासून सगळ्यात लांबच्या, मानाच्या जागी बसवले. लुत्फुल्लाने उभे राहून सगळी हकीकत सांगितली, आणि सांगता सांगता ती वाढवलीही. "आणि माझ्या कामाला कुणाची नजर लागू नये म्हणून ह्याने इसिरिकची जुडीसुद्धा आणून टांगली होती. वर म्हणतो, कसर लागते म्हणून. मी काय लहान आहे? माझ्या बाजूला बोंडं वळवली होती ह्याने." वनस्पतिविभागातल्या बायकांनी डोक्यावरच्या रुमालांची टोके डोळ्यांना लावली. हमदमने जेवणाला हातही लावला नाही. जे काही त्याने जळफळाटापोटी केले होते, ते एकेक करून त्याच्या चांगुलपणाच्या खात्यात पडत होते, आणि एकही परत मागता येत नव्हते.

हळूहळू माणसे पांगली. दोमलांना घरी सोडायला कोणीतरी गेले. चौथऱ्यावर दोघेच उरले, समोर थाळीत पिवळ्या गाजरांचा ढीग आणि मटणाचा शेवटचा तुकडा. लुत्फुल्लाने तो तुकडा हमदमकडे सरकवला.

"एक सांगू?" तो म्हणाला. "राग नाही ना येणार?"

"आता कसला राग."

"तुझ्या जागी मी असतो ना, तर मी नसती धुतली बाटली."

हमदम थाळीतली गाजरे चाळवत राहिला.

"नसती धुतली," लुत्फुल्ला खाली बघत म्हणाला. "उद्या हा तोंडावर आपटणार म्हणून मजेत झोपलो असतो. कारण मला तुझा हेवा वाटतो. आज नाही, कायमच वाटत आलाय. तू एवढा सरळ, तुझ्या मनात हे असलं काही येतच नाही, म्हणून तुला सांगायला लाज वाटते."

हमदमचा हात थाळीवरच थांबला. "माझा?"

"तुझा."

"हेवा?"

"किती वेळा वदवून घेशील? हो."

"पण तुझे तर स्फटिक येतात."

"येतात. का येतात ते मला आजतागायत कळलेलं नाही. माझं काही चांगलं झालं की लोक म्हणतात, नशीबवान आहे लेकाचा. तू तेल घेऊन बसलास तरी म्हणतात, बघा, किती कसून काम करतो. दोमलांना एखाद्या निकालाची शंका आली की कुणाला बोलावतात? मला कधी बोलावलंय? शाळेतसुद्धा गणिताचे मास्तर माझी वही तुझ्याकडे तपासायला द्यायचे. मी घरी जाऊन उशीत तोंड घालून रडायचो."

"रडायचास," हमदम म्हणाला. त्याला वाटले आपण काहीतरी सांत्वनाचे बोलावे, पण आतून एक ऊब हातापायांत पसरत चालली होती आणि ती दुःखाची नव्हती. खुर्ची गेली होती, भांडाराच्या चाव्या खिशात टोचत होत्या, आणि तरी बऱ्याच दिवसांत त्याला इतकी भूक लागली नव्हती. मटणाचा तुकडा त्याने तोंडात टाकला.

"कोण कोण म्हणतं रे, कसून काम करतो म्हणून?" त्याने घास चावता चावता विचारले.

"सगळेच."

"सगळे नको. नावं सांग."

लुत्फुल्ला नावे आठवू लागला. हमदमने ताजा चहा मागवला आणि मित्राची पियाली पुढे ओढली. नकोशा पाहुण्याला चहा काठोकाठ ओततात, म्हणजे तो पिऊन उठतो. हव्याहव्याशा माणसाला घोटभरच, पुन्हा पुन्हा ओतत राहायचे म्हणून. हमदमने जेमतेम तळ झाकेल एवढाच ओतला आणि दोन्ही हातांनी पियाली लुत्फुल्लापुढे धरली.

"घाई नाही काही," तो म्हणाला. "शाळेपासून सांग."